विहिरीत सोडलेल्या दगडाचा पाण्यावर आदळतानाचा वेग: अवकलजाने तो कसा काढायचा?

मळ्यातली_विहीर (प्रश्न)

नमस्कार. मी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो आणि आता सगळे इंग्रजीतून असल्यामुळे काही गोष्टी सूत्र म्हणून पाठ होतात, पण डोक्यात शिरत नाहीत. त्यातली एक येथे मांडतो.

आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावरून मी लिंबाएवढा दगड हातातून नुसता सोडला, म्हणजे त्याला खाली ढकलले नाही, आणि ‘डुबुक’ असा आवाज येईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजला. पाच वेळा मोजल्यावर १.९ ते २.१ सेकंदांच्या दरम्यान आकडे आले आणि सरासरी २ सेकंद निघाली. दहावीच्या पुस्तकातले सूत्र वापरून खोली ४.९ × २², म्हणजे १९.६ मीटर आली. १९.६ मीटर अंतर २ सेकंदांत कापले म्हणून मी वेग सेकंदाला ९.८ मीटर लिहिला. वर्गातल्या पद्धतीने मात्र, म्हणजे घातांक पुढे आणून घातांकातून एक वजा केल्यावर, वेग ९.८ × २ = १९.६ येतो, बरोबर दुप्पट.

माझ्या शंका अशा. पहिली, या दोन उत्तरांपैकी खरा वेग कोणता? दुसरी, पाण्याला टेकण्याच्या नेमक्या क्षणी दगड काहीच अंतर कापत नाही आणि त्या क्षणाला काही लांबीही नसते, मग शून्य भागिले शून्य याला वेग कसे म्हणायचे? तिसरी शंका मोजमापाची आहे. आजोबांनी दोराला दगड बांधून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले तेव्हा ते ६० फूट भरले, पण १९.६ मीटर म्हणजे ६४ फुटांहून अधिक होतात. हे चार फूट कुठे गेले?

फळा_आणि_खडू

तुझी दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, मात्र ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ९.८ हा संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग आहे. तू विचारतो आहेस तो प्रवासाच्या अखेरच्या क्षणीचा वेग, आणि दगड पडताना सतत वेग घेत असल्यामुळे अखेरचा वेग सरासरीपेक्षा जास्तच असणार. तीस वर्षे शिकवताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे, ती ही की घातांक पुढे आणण्याचा नियम मुलांना पहिल्या आठवड्यात मिळतो आणि तो नियम ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न मात्र कधी विचारलाच जात नाही. तू तो स्वतःहून विचारलास याचे मला फार समाधान वाटले.

आता नियम बाजूला ठेव आणि केवळ भागाकार कर. काळासाठी ‘क’ आणि पडलेल्या अंतरासाठी ‘अ’ हे अक्षर घेऊ, म्हणजे अ = ४.९क². पहिल्या सेकंदाच्या शेवटी दगड ४.९ मीटर खाली असतो आणि दुसऱ्याच्या शेवटी १९.६ मीटर. म्हणजे एकट्या दुसऱ्या सेकंदात तो १४.७ मीटर पडला, तेव्हा त्या सेकंदातला सरासरी वेग १४.७. हा आकडाच तुझ्या ९.८ पेक्षा अखेरच्या क्षणाच्या अधिक जवळ आहे, कारण सुरुवातीचा संथ भाग आपण वगळला. अजून वगळू. शेवटच्या अर्ध्या सेकंदात दगड ८.५७५ मीटर पडतो, म्हणून सरासरी वेग १७.१५. शेवटच्या दशांश सेकंदाचा सरासरी वेग १९.११, शेवटच्या शतांशाचा १९.५५१ आणि शेवटच्या सहस्रांशाचा १९.५९५१. हे सगळे आकडे वहीत स्वतः काढ, माझ्यावर विश्वास ठेवून पुढे जाऊ नकोस.

आता विहीर आणखी खोल आहे असे समजून २ सेकंदांच्या पलीकडून त्याच क्षणाकडे ये. २ ते २.१ सेकंद या काळात सरासरी वेग २०.०९ येतो आणि २ ते २.०१ या काळात १९.६४९. खालून येणारे आकडे वाढत आहेत, वरून येणारे कमी होत आहेत, आणि दोन्हींच्या मधोमध एकच संख्या अशी उरते की जिच्या कितीही जवळ दोन्ही बाजूंनी जाता येते. ती संख्या १९.६. ‘२ सेकंदांच्या क्षणीचा वेग’ या शब्दांचा अर्थ हाच आहे, याखेरीज दुसरा नाही.

हेच अक्षरांत लिहू, म्हणजे प्रत्येक वेळी आकडेमोड करावी लागणार नाही. काळाचा छोटा तुकडा ‘ह’ घे. क पासून क + ह पर्यंत पडलेले अंतर ४.९(क + ह)² − ४.९क², म्हणजेच ९.८कह + ४.९ह². ह शून्य नाही, म्हणून ह ने भागता येते आणि सरासरी वेग ९.८क + ४.९ह इतका येतो. या राशीकडे नीट पाहा. पहिल्या पदात ह नाहीच. दुसऱ्या पदात ह आहे आणि ह जितका लहान करशील तितके ते पद लहान होते. ९.८क हा क्षणिक वेग, त्यालाच अंतराचा काळानुसार अवकलज किंवा डेरिव्हेटिव्ह म्हणतात, आणि तुझ्या वर्गातला नियम हा या तीन ओळींचा संक्षेप आहे. वर्गाचा विस्तार करताना २कह हे पद दोनदा येणाऱ्या कह मुळे तयार होते, म्हणून घातांकातला २ पुढे येतो. घनासाठी (क + ह)³ चा विस्तार करून पाहा, तेथे ३ आणि क² कुठून येतात ते तुला आपोआप दिसेल.

आलेखात पाहायचे असेल तर आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन अ = ४.९क² चा वक्र काढ. आरंभबिंदू आणि क = २ चा बिंदू जोडणाऱ्या रेषेचा चढ ९.८ येईल, तो तुझा पहिला वेग. दुसरा बिंदू तसाच ठेवून पहिला बिंदू वक्रावरून त्याच्याकडे सरकवत नेलास की रेषा उभी होत जाते आणि अखेरीस वक्राला केवळ स्पर्श करणाऱ्या रेषेजवळ येऊन पोहोचते. त्या स्पर्शिकेचा चढ १९.६. फळ्यावर मी हे पट्टी फिरवून दाखवत असे, आणि पट्टी शेवटच्या टप्प्यात किती थोडी हलते हे पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडे तो सूत्र लिहून दिल्यावर कधी पडला नाही.

मळ्यातली_विहीर

आपले मनापासून आभार. सर्व आकडे वहीत काढले आणि ते तंतोतंत आले. एकच खडा अजून टोचतो आहे. भागताना आपण ह शून्य नाही असे म्हणतो आणि उत्तर लिहिताना तोच ह शून्य धरून ४.९ह हे पद सोडून देतो. एकाच उदाहरणात दोन्ही कसे चालेल?

ग्रंथपाल_२०

तुमची शंका नवी नाही, आणि ती क्षुल्लक तर मुळीच नाही. जॉर्ज बर्कली या आयरिश तत्त्वज्ञाने १७३४ साली न्यूटनच्या पद्धतीवर नेमका हाच आक्षेप घेतला होता, की वाढ आधी काहीतरी आहे असे धरायचे, तिने भागायचे आणि मग ती नाहीच असे म्हणायचे, हे तर्काला धरून नाही. आक्षेप योग्य होता. पद्धतीने येणारी उत्तरे बरोबर होती, पण त्यांचे समर्थन अपुरे होते. फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ मध्ये ‘सीमा’, म्हणजे लिमिट, ही कल्पना पायाशी ठेवून मांडणी केली आणि पुढे जर्मनीत वायरश्ट्रास यांनी तिला आजचे काटेकोर रूप दिले. त्या मांडणीत ह कधीच शून्य होत नाही. विचारले जाते ते एवढेच की तुम्ही कितीही बारीक फरक सांगितलात, अगदी सहस्रांशाचाही सहस्रांश, तरी ह पुरेसा लहान घेऊन ९.८क + ४.९ह आणि ९.८क यांतील अंतर त्याहून कमी राखता येते का. येथे ते उघड आहे, कारण अंतर फक्त ४.९ह आहे. म्हणून ‘पद सोडून दिले’ असे न म्हणता ‘सरासरी वेगांची सीमा ९.८क आहे’ असे म्हणावे. तुम्हाला टोचणारा खडा त्या एका शब्दबदलात निघतो असा माझा अनुभव आहे.

विषयाला धरून आणखी एक गोष्ट नोंदवतो. एका क्षणीची गती सरासरी गतीपेक्षा वेगळी असते हा विचार आपल्याकडेही फार जुना आहे. भास्कराचार्यांनी १११४ साली जन्म घेऊन वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांच्या ‘तात्कालिकी गती’चा विचार आहे, आणि ज्येतील बारीक बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो हा नियमही त्या विवेचनात येतो. आजच्या भाषेत तो साइनचा अवकलज कोसाइन असल्याचा नियम ठरतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी पडणाऱ्या वस्तूंचे गणित केले नव्हते आणि सीमेची सर्वसाधारण कल्पनाही मांडली नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवे, कारण या विषयावर अतिशयोक्ती फार ऐकू येते. जे केले तेच पुरेसे मोठे आहे.

पडणाऱ्या वस्तूंचा नियम गॅलिलिओ यांनी शोधला, आणि तेही आधी चुकले होते हे विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. १६०४ साली पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी वेग हा पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे गृहीत धरले होते. पुढे त्यांनी ते टाकून दिले आणि वेग काळाच्या प्रमाणात वाढतो असे १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या ग्रंथात मांडले. पहिली कल्पना का टिकत नाही हे अवकलजाच्या भाषेत पाहणे उद्बोधक आहे. वेग अंतराच्या प्रमाणात असेल तर हात सुटण्याच्या क्षणी अंतर शून्य, म्हणून वेग शून्य, आणि वेग शून्य म्हणून अंतर शून्यच राहते. स्थिर सोडलेला दगड मग हवेतच राहील.

स्लोमोशन_प्रयोग

वरील चर्चा वाचून मी काल संध्याकाळी घराच्या भिंतीला पोलादी टेप उभी चिकटवली, फोन स्टँडवर ठेवून सेकंदाला २४० चौकटींच्या वेगाने चित्रण सुरू केले आणि टेपच्या शून्यावरून टेनिसचा चेंडू सोडला. प्रत्येक २४ चौकटींनी, म्हणजे दर दशांश सेकंदाला, चेंडूच्या खालच्या कडेचे वाचन घेतले. सेंटीमीटरमध्ये ती वाचने ५, १९.५, ४४, ७८.५ आणि १२२ अशी आली. लागोपाठच्या वाचनांतले फरक ५, १४.५, २४.५, ३४.५ आणि ४३.५ होतात, म्हणजे जवळपास १, ३, ५, ७, ९ या विषम संख्यांच्या प्रमाणात. उतारावरून गोळे घरंगळवून आणि भांड्यातून गळणारे पाणी तोलून काळ मोजत गॅलिलिओ यांना हेच प्रमाण मिळाले होते. माझ्याच घराच्या भिंतीवर ते उमटलेले पाहून मी बराच वेळ त्या पाच आकड्यांकडे बघत बसलो.

एक व्यावहारिक सूचना करतो. ०.४ सेकंदांच्या क्षणीचा वेग काढायचा असेल तर ०.४ ते ०.४५ असा पुढचा तुकडा घेण्याऐवजी ०.३५ ते ०.४५ असा दोन्ही बाजूंना सारखा तुकडा घ्यावा. सूत्राप्रमाणे या दोन क्षणी अंतरे ६० आणि ९९.२ सेंटीमीटर असतात. फरक ३९.२, काळ ०.१ सेकंद, म्हणून वेग सेकंदाला ३९२ सेंटीमीटर, आणि ९.८ × ०.४ चे उत्तरही ३.९२ मीटरच येते. अंतर काळाच्या वर्गावर अवलंबून असेल तर मधला तुकडा घेतल्याने येणारे उत्तर जवळपास नव्हे, तर पूर्ण अचूक असते. पुढचा तुकडा घेतला असता तर ४१६ च्या आसपास आले असते.

आणखी एक निरीक्षण. खोलीतल्या दिव्याच्या उजेडात खालच्या चौकटींमधला चेंडू गोल न दिसता उभा लांबट दिसतो. कॅमेऱ्याचा पडदा उघडा असतो तेवढ्या वेळात चेंडू एक-दीड सेंटीमीटर सरकलेला असतो, आणि तो ताण म्हणजेच त्या बारीक काळातले अंतर. वर जाल तसा ताण कमी होत जातो आणि पहिल्या काही चौकटींत चेंडू अगदी गोल असतो. दिवसा उन्हात चित्रण केले की पडदा कमी वेळ उघडतो आणि ताण जवळजवळ नाहीसा होतो, पण वेग मात्र तोच राहतो. ह लहान करणे म्हणजे काय, हे मला यापेक्षा स्पष्ट कुठे दिसलेले नाही.

आता तुमच्या चार फुटांविषयी. त्यांपैकी मोठा वाटा आवाजाचा आहे. दगड पाण्यावर आदळला ते तुम्ही पाहिले नाही, ऐकले, आणि आवाजाला वर यायला वेळ लागतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर दगड पडण्याचा काळ आणि आवाज वर येण्याचा काळ यांची बेरीज २ सेकंद व्हायला हवी. हे वर्गसमीकरण सोडवल्यास पडण्याचा काळ १.९४६ सेकंद येतो आणि खोली सुमारे १८.५६ मीटर, म्हणजे ६१ फूट. केवळ ०.०५४ सेकंदांच्या फरकाने एक मीटर कसा कमी झाला, याचेही उत्तर अवकलजातच आहे. त्या क्षणी वेग सेकंदाला १९ मीटर आहे, याचा अर्थ काळात जितकी चूक कराल तिच्या १९ पट चूक खोलीत होईल. म्हणून स्टॉपवॉचवर बोट ०.१ सेकंद उशिरा पडले तर खोली १.९ मीटरने चुकते. तुमची वाचने १.९ ते २.१ च्या दरम्यान फिरत होती, तेव्हा एकट्या वाचनावर भिस्त ठेवू नका. दगड सोडणारा हात दिसेल असे चित्रण करा आणि त्याच चित्रफितीत डुबुक कुठे ऐकू येते ते पाहा, म्हणजे बोटाचा उशीर निघून जाईल.

पागोळी

उरलेला सुमारे एक फूट हवेचा आहे असे मला वाटते. वरच्या सर्व गणितात गुरुत्व त्वरण ९.८ हे स्थिर धरले आहे, परंतु हवा दगडाला विरोध करते आणि तो विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेगाचा अवकलज म्हणजे त्वरण. ते मग नुसते ९.८ न राहता ९.८ वजा एका स्थिरांकाने गुणलेला वेगाचा वर्ग असे लिहावे लागते. पाच सेंटीमीटर व्यासाच्या दगडासाठी मी हे समीकरण अंदाजे सोडवले, तेव्हा १.९४६ सेकंदांत तो १८.२ मीटरच्या आसपास पडतो असे दिसले. ते ६० फुटांना अगदी थोडे कमी भरते, आणि आदळतानाचा वेग सेकंदाला साडेअठरा मीटरच्या जवळपास राहतो. खडबडीत दगडाला हवेचा रोध थोडा कमीजास्त असू शकतो, त्यामुळे शेवटच्या काही इंचांचा आग्रह धरू नये.

दगडाच्या बाबतीत हा परिणाम थोडका आहे, पावसाच्या थेंबात तो सर्वस्वी ठरतो. दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगातून निघालेला थेंब हवा नसती तर सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरहून अधिक वेगाने अंगावर आला असता. प्रत्यक्षात पाच मिलिमीटरचा टपोरा थेंबही सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने पडतो. वेग वाढत वाढत हवेचा रोध वजनाइतका झाला की त्वरण शून्य होते, वेगाचा अवकलज शून्य होतो आणि पुढे वेग बदलतच नाही. तेव्हा वेग-काळ आलेखातला वक्र आडवा होतो, पण अंतर-काळ आलेख मात्र सरळ चढत राहतो. हे दोन आलेख एकाखाली एक काढून पाहावेत. वेग शून्य असणे आणि वेगाचा अवकलज शून्य असणे यांत परीक्षेत सर्वाधिक गल्लत होते.

मळ्यातली_विहीर

आज सकाळी बहिणीने चित्रण केले आणि मी दगड सोडले. पाच वेळांचे आकडे १.९८, २.००, २.०१, १.९९ आणि २.०० सेकंद आले. दोर पुन्हा सोडला, तो ६० फुटांना दोन बोटे कमी भरला, आणि आजोबांनी दोरावर त्या जागी गाठ मारून ठेवली आहे.

मी वहीत आधी लिहिलेला ९.८ खोडला नाही, त्याच्यापुढे ‘सरासरी’ असे लिहिले. ग्रंथपाल काकांनी गॅलिलिओंच्या चुकीविषयी लिहिले होते म्हणून निम्म्या खोलीवरचा वेगही काढून पाहिला. मी मनात अखेरच्या वेगाच्या निम्मा, म्हणजे साधारण साडेनऊ, धरला होता, कारण मीही नकळत वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो असेच समजत होतो. हवा सोडून दिली तर तो सेकंदाला १३.४ मीटर येतो. ३० फुटांपर्यंत पोहोचायला दगडाला १.३७ सेकंद लागतात आणि खालचे ३० फूट तो जेमतेम ०.५७ सेकंदांत उतरतो.

घनाचा विस्तारही केला, ३क² आला. आता (क + ह)⁴ करून पाहतो आहे.